जुन्या व्हिडिओ कॅसेटी संगणकावर घेताना कोणती यंत्रे निवडावीत

ब्रिटनमधल्या अनेक बेने इस्राएल घरांत पोटमाळ्यावर, गॅरेजमध्ये किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर व्हिडिओ कॅसेटींचा एखादा खोका असतो. पाठीवर 'मेंदी, ठाणे' किंवा 'मलिदा, अलिबाग' एवढेच लिहिलेले. आत मात्र पुष्कळ काही असते. मेंदीच्या रात्रीची बायकांची गाणी, मलिद्याच्या ताटापुढे एलियाहू हन्नाबीच्या नावाने झालेली प्रार्थना, आणि कोकणच्या वळणाचे मराठी बोलणारी वडीलधारी माणसे. फोटोत चेहरा राहतो, बोली राहत नाही. कित्येक कुटुंबांत आजी-आजोबांचा आवाज आता फक्त या फितीवर उरला आहे.

ही फीत कायम टिकणारी नाही. प्लॅस्टिकच्या पट्टीवर चुंबकीय भुकटीचा थर चिकटवलेला असतो. दमट हवेत त्याचा चिकटा सैल होतो, कधी बुरशीही लागते. शिवाय ती वाजवणारी यंत्रेही संपत चालली आहेत. व्हीएचएस व्हीसीआर बनवणारी जपानची शेवटची कंपनी फुनाई हिने २०१६ साली उत्पादन थांबवले. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने 'हेरिटेज २०२२' या उपक्रमात एक लाख टेलिव्हिजन कार्यक्रम जुन्या टेपवरून डिजिटल करण्याचे काम हाती घेतले, ते याच भीतीने. देशाच्या ठेव्याची काळजी अशा संस्था घेतात. घरच्या मेंदीची कॅसेट घरच्यांनीच वाचवावी लागते.

आधी कॅसेट ओळखावी

मोठी, पुस्तकाएवढी कॅसेट बहुधा व्हीएचएस असते. तिचेच लहान रूप व्हीएचएस-सी. ती जोडखोक्यात घालून साध्या व्हीसीआरमध्ये चालते. व्हिडिओ-८ आणि हाय-८ या छोट्या कॅसेटींना त्यांचाच कॅमेरा लागतो. मिनी-डीव्ही कॅसेटवर चित्र मुळातच डिजिटल असते. तिला कॅप्चर यंत्राची गरज नाही. कॅमेऱ्यातून फायरवायरच्या केबलने ती जशीच्या तशी संगणकात उतरवता येते.

दुसरी गोष्ट म्हणजे चित्राची पद्धत. भारत, इस्राएल आणि ब्रिटन या तिन्ही देशांत पाल पद्धत होती: ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रे. म्हणून ठाण्याहून किंवा लोदहून आलेली कॅसेट इथल्या व्हीसीआरमध्ये सरळ चालते. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट मात्र एनटीएससी पद्धतीची असते: ५२५ रेषा आणि सेकंदाला जवळजवळ ३० चित्रे. इथले बरेच व्हीसीआर ती टीव्हीवर दाखवतात, पण त्यांतून निघणारा सिग्नल धड पालही नसतो आणि धड एनटीएससीही नसतो. टीव्ही तो चालवून घेतो, कॅप्चर यंत्र गोंधळते. अशा कॅसेटीसाठी खरा एनटीएससी किंवा अनेक पद्धतींचा व्हीसीआर मिळवावा.

पैसा आधी व्हीसीआरवर

बहुतेक लोक बाजारात जाऊन प्रथम कॅप्चर यंत्र विचारतात. क्रम उलटा हवा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? व्हीसीआरने फितीवरून जे उचलले नाही, ते पुढचे कितीही महाग यंत्र देऊ शकत नाही. म्हणून वापरलेला पण दुरुस्त करून घेतलेला, हेड साफ असलेला व्हीसीआर घ्यावा. जमल्यास एस-व्हीएचएस जातीचा घ्यावा. तो साध्या कॅसेटीही वाजवतो आणि त्याला एस-व्हिडिओचे सॉकेट असते. एस-व्हिडिओमध्ये उजेड आणि रंग वेगळ्या तारांनी येतात. साध्या कॉम्पोझिट जोडणीत ते एकाच तारेत मिसळतात, त्यामुळे कडा अंधूक दिसतात.

इथल्या व्हीसीआरना मागे स्कार्ट नावाचे २१ पिनांचे सॉकेट असते. त्याचा जोड घेताना 'इन' आणि 'आउट' असे बटण असलेला घ्यावा आणि बटण 'आउट'वर ठेवावे. जोडाला एस-व्हिडिओचे सॉकेट आहे म्हणून साधा व्हीसीआर एस-व्हिडिओ देऊ लागत नाही. तशी तार लावल्यावर चित्र काळे-पांढरे आले, तर कारण बहुधा हेच. मग पिवळ्या प्लगची कॉम्पोझिट तार लावावी.

मधले स्थिर करणारे यंत्र

जुनी फीत ताणलेली असते. तिच्यावरची प्रत्येक रेष ठरल्या क्षणी सुरू होत नाही, म्हणून चित्र थरथरते आणि वरचा भाग वाकडा दिसतो. जुना टीव्ही हे सांभाळून घेई. कॅप्चर यंत्र मात्र मधली चित्रे गाळते, आणि मग ओठ एकीकडे व आवाज दुसरीकडे अशी गत होते. हे सुधारणाऱ्या यंत्राला टाइम बेस करेक्टर म्हणतात. काही एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये ते आतच असते. स्वतंत्र यंत्र महाग पडते. घरगुती उपाय म्हणून काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर वापरतात. पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस१० त्यासाठी ओळखला जातो. त्यावर डीव्हीडी करायची नसते. व्हीसीआरची तार त्यात घालायची आणि त्यातून निघणारा सिग्नल कॅप्चर यंत्राला द्यायचा.

कॅप्चर यंत्राला विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न: ते पालचे पूर्ण ७२० बाय ५७६ चित्र घेते का? काही यंत्रे ६४० बाय ४८० एवढेच घेतात. म्हणजे रेषा घेतानाच कमी होतात.

दुसरा: सेकंदाला ५० अर्धचित्रे जशीच्या तशी ठेवते का? पालमध्ये प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत येते, एकदा विषम रेषा आणि एकदा सम. यंत्राने ती घाईने एकत्र केली, तर नाचणाऱ्या हातांच्या कडा करवतीसारख्या दिसतात. ते काम नंतर संगणकावर सावकाश आणि चांगले करता येते.

तिसरा: चित्र आतल्या आत दाबून देते, की संगणकाला पूर्ण देते? हॉपॉगच्या यूएसबी-लाइव्ह-२ सारखी यंत्रे पूर्ण चित्र देतात आणि कसे साठवायचे ते आपण ठरवतो.

चौथा: ते घरच्या संगणकावर चालते का? जुनी कॅनोपस एडीव्हीसी यंत्रे चांगली आहेत, पण त्यांना फायरवायर लागते आणि नव्या संगणकांना ते सॉकेट नसते.

दोन वस्तू टाळाव्यात. एक, स्कार्टचे एचडीएमआय करणारी स्वस्त डबी. ती चित्र फुगवते, पण व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांएवढाच तपशील असतो; फुगवल्याने तो वाढत नाही. उलट कधी कधी चेहरे ताणून रुंद होतात. दोन, नाव नसलेल्या यूएसबी काड्या. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन काड्यांत आतले भाग वेगळे असू शकतात, त्यामुळे काय मिळेल याचा भरवसा नाही.

आवाजाकडे दुर्लक्ष नको

आपल्या कामात आवाज चित्राइतकाच मोलाचा आहे. हाय-फाय व्हीसीआरमध्ये आवाजाचे दोन माग असतात. हाय-फाय माग खरखरत असेल, तर व्हीसीआरच्या मेनूतून साधा माग निवडून पाहावा. ढोलकी आणि टाळ्यांच्या जागी आवाजाची पट्टी लाल होऊ देऊ नये; फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. पहिली पाच मिनिटे घेऊन थांबावे, ऐकावे, मगच पुढे जावे.

कॅसेट, वेळ आणि जागा

कॅसेटीची मागची प्लॅस्टिकची चकती मोडून टाकावी, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही टेप होणार नाही. पोटमाळ्यावरून आणलेली थंड कॅसेट एक दिवस घरात ठेवावी आणि एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्यावी. आत पांढरी बुरशी दिसली, तर ती व्हीसीआरमध्ये घालू नये. फीत खराब होते आणि बुरशी पुढच्या कॅसेटींनाही लागते. अशी कॅसेट जाणकाराकडे द्यावी.

तीन तासांच्या कॅसेटीला तीन तासच लागतात, घाई चालत नाही. लंडनला डिसेंबरात शब्बाथ दुपारी चारच्या आधीच लागतो, म्हणून शुक्रवारी जेवणानंतर हे काम काढू नये.

चित्र अजिबात न गमावता साठवले, तर तासाला सुमारे ३० ते ३५ गिगाबाइट जागा लागते; डीव्ही पद्धतीत सुमारे १३. ही मूळ प्रत जपावी आणि नातेवाइकांना फोनवर पाठवायला तिच्यावरून छोटी प्रत करावी. मूळ प्रत दोन डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवावी. कॅसेटही टाकून देऊ नये.

दोन-तीनच कॅसेटी असतील, तर यंत्रे विकत घेण्यापेक्षा काम दुकानात देणे परवडते. पण वरचेच प्रश्न तिथे विचारावेत आणि छोट्या प्रतीबरोबर मूळ फाइलही मागून घ्यावी.

वर्गासाठी काम

यंत्र चित्र वाचवते, नावे वाचवत नाही. फाइल तयार झाली की विद्यार्थ्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसून ती पाहावी आणि वहीत लिहावे: कोणत्या मिनिटाला कोण दिसते, ती आपली आत्या की मावशी, गाव कोणते, गाणे कोणी उचलले, न समजलेला शब्द कोणता. आडनावावरूनही गाव सापडते. दिवेकर दिवेआगरचे, पेणकर पेणचे. ही माहिती मराठीत लिहून फाइलीच्या शेजारीच ठेवावी. नावे सांगू शकणारी माणसे आज घरात आहेत, म्हणून पहिली कॅसेट निवडताना त्यांनाच विचारावे, 'आधी कोणती पाहायची?'