जुना रिसिव्हर मोडीत काढण्याआधी

“आवाज वाढवताना खरखर होते, डावा स्पीकर मधूनच गप्प होतो, याचं आयुष्य संपलं.” घरातल्या जुन्या स्टिरिओ रिसिव्हरबद्दलचा हा निकाल बऱ्याचदा घाईचा असतो. खरखर बहुधा व्हॉल्यूमच्या बटणामागच्या पॉटमध्ये साचलेल्या धुळीची असते. प्लग काढून पॉटच्या फटीत काँटॅक्ट क्लीनर मारायचा आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवायचं. (आतले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ शॉक देऊ शकतात. झाकण उघडायची सवय नसेल तर लॅमिंग्टन रोडच्या किंवा बुधवार पेठेतल्या एखाद्या कारागिराला गाठावं.) एक बाजू गप्प असेल तर संच बंद करून मागच्या डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करा. तरीही तोच स्पीकर मुका राहिला तर दोष त्याचा किंवा त्याच्या वायरीचा. दुसरा मुका झाला तर दोष रिसिव्हरचा किंवा त्याला सिग्नल देणाऱ्या केबलचा.

याच्या उलट टोकाला ‘जुन्या जपानी संचाची सर कशालाच नाही’ म्हणणारे. तीस-चाळीस वर्षांत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात, गाणं बंद असतानाही स्पीकरमधून घूं असा आवाज येऊ लागतो. तो संच आता त्याच्या तरुणपणीसारखा वाजत नाही, इतकंच. दोन धडधाकट ॲम्प्लिफायर माफक आवाजात ऐकले तर फरक थोडाच जाणवतो. स्पीकर आणि खोली यांचा वाटा कितीतरी मोठा.

नवा संच घेताना सगळ्यात जास्त फसगत वॅटमध्ये होते. कॅसेट प्लेअरच्या काळात पीएमपीओचे (क्षणभराच्या कमाल ताकदीचे) हजारोंचे आकडे स्टिकरवर झळकायचे. त्यांना काडीचा अर्थ नव्हता. अमेरिकेत असल्या दाव्यांना वेसण घालायला १९७४ मध्ये नियम करावा लागला. आज स्वस्त छोट्या ॲम्प्लिफायरच्या डब्यांवरचा आकडा खोटा नसेलही, पण तो कोणत्या अटींवर मिळतो ते बारीक अक्षरात असतं. अशा अनेक डब्यांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६ ही चिप असते. तिचे ५० + ५० वॅट मिळतात ते ४ ओहमच्या स्पीकरवर, २१ व्होल्टच्या पुरवठ्यावर आणि १० टक्के विकृती (डिस्टॉर्शन) चालवून घेतली तर. इतकी विकृती कानाला स्पष्ट टोचते. घरातले स्पीकर ८ ओहमचे असतील तर ताकद साधारण निम्मी धरा.

पण म्हणून घाबरायचंही कारण नाही. ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल आवाज देतो, आणि दिवाणखान्यात तेवढा सहन करणारी माणसं कमीच. ५० वॅटचे १०० केले तरी वाढ फक्त ३ डेसिबलची. जुना १०० वॅटचा होता म्हणून नवाही तेवढाच हवा, हा हट्ट निव्वळ पैसे घालवणारा.

‘हलका डबा म्हणजे कमअस्सल’ हेही आता खरं नाही. वजन असायचं ते ट्रान्सफॉर्मरचं आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पंखांचं. अशा डब्यांतला क्लास डी ॲम्प्लिफायर जवळजवळ ९० टक्के वीज स्पीकरपर्यंत पोचवतो, त्यामुळे दोन्हींची गरज घटते. (डी म्हणजे डिजिटल नव्हे, ए, बी, सी आधीच वापरून झाले होते.) जोडणी मात्र जपून करा. अशा बऱ्याच डब्यांत काळं टोक अर्थ (ग्राउंड) नसतं. काही जुन्या घरांत दोन्ही स्पीकरना मिळून एकच परतीची वायर टाकलेली असते. ती तशीच नव्याला जोडली तर चिप जळू शकते.

खरा घोळ होतो तो मागच्या खाचांमुळे. जुन्यावर ‘फोनो’ असायचं, स्वस्त नव्यावर ते बहुधा नसतं. मग लोक टर्नटेबलची पिन ‘ऑक्स’मध्ये खुपसतात आणि म्हणतात, नवा संच पुचाट वाजतो. मॅग्नेटिक कार्ट्रिज जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट देतं, सीडी प्लेअर सुमारे २ व्होल्ट. शिवाय तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दबवलेला आणि तार स्वर चढवलेले असतात. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए प्रमाणानुसार फोनोची खाच ते पूर्ववत करते. वेगळा फोनो प्रीॲम्प घेतला की प्रश्न मिटतो. टर्नटेबलमध्येच तो असेल किंवा कार्ट्रिज सिरॅमिक असेल तर तेवढाही खर्च नको.

‘रिसिव्हर’ म्हणजे ॲम्प्लिफायर अधिक रेडिओ. स्वस्त छोट्या डब्यांत ब्लूटूथ असतं, रेडिओ नसतो. सकाळी आकाशवाणी लावणाऱ्या घरात हे आधी विचारावं. परदेशातून नातेवाइकांनी आणलेला संच तर नीट तपासून घ्यावा. जपानच्या जुन्या संचांचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा, म्हणजे आपली बहुतेक केंद्रं त्याच्या बाहेर. अमेरिकी डिजिटल ट्यूनर मीडियम वेव्हवर दहा-दहा किलोहर्ट्झच्या टप्प्याने सरकतो. मुंबईच्या अस्मिता वाहिनीचं ५५८ त्याच्या ५५० आणि ५६० च्या मधे अडकतं. काहींच्या मागे टप्पा बदलायची कळ असते. पुरवठा अमेरिकेत १२० व्होल्टचा, जपानात १०० चा. आपल्या २३० मध्ये थेट लावला तर फ्यूज उडाला इतक्यावर निभावलं तरी नशीब. त्यासाठी लागणाऱ्या स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरची किंमत आणि जागा आधीच हिशेबात धरा.