वाहतूक कोंडीत गाडी का तापते?

सायंकाळची वेळ. सिग्नलपासून दूरवर पसरलेली वाहनांची रांग, बाहेर उकाडा आणि आत पूर्ण वेगाने चालू असलेला एसी. दहा-पंधरा मिनिटे गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते आणि अचानक डॅशबोर्डवरील तापमानाचा काटा लाल रेषेकडे झुकू लागतो. मोकळा रस्ता मिळताच तो आपोआप खाली येतो, आणि चालक सुटकेचा नि:श्वास टाकून ही बाब विसरून जातो. पण ही छोटीशी सूचना दुर्लक्षित राहिली, तर पुढे इंजिनचे हेड उतरवण्याची वेळ येऊ शकते.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाची सगळी ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचत नाही. ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा धुराबरोबर बाहेर पडते आणि जवळपास तितकीच उष्णता कूलंटमार्फत बाहेर टाकावी लागते. वॉटर पंप हे कूलंट इंजिनभोवती फिरवतो. ते साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापले, की थर्मोस्टॅट नावाची झडप उघडते आणि कूलंट रेडिएटरकडे जाते. तेथे बारीक जाळीतून वाहणारी हवा त्यातील उष्णता काढून घेते.

पंखाच खरा आधार

गाडी वेगात असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवतो. कोंडीत मात्र हा वारा नसतो. तेथे सारी भिस्त रेडिएटरच्या विजेवर चालणाऱ्या पंख्यावर असते. त्यातच एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असल्याने त्याची उष्णताही रेडिएटरवरच येते. म्हणूनच कोंडीत तापणारी आणि वेग घेताच थंड होणारी गाडी असेल, तर पहिला संशय पंख्यावर घ्यावा. याउलट महामार्गावर किंवा बोरघाटासारख्या चढावर गाडी तापत असेल, तर तुंबलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट, झिजलेला वॉटर पंप किंवा कमी झालेले कूलंट यांचा विचार करावा लागतो.

पंख्याची तपासणी सोपी आहे. गाडी सावलीत उभी करून इंजिन चालू ठेवावे आणि एसी लावावा. बहुतेक गाड्यांमध्ये पंखा लगेच फिरू लागतो. एसी लावल्यावर पंखा फिरतो, पण एसी बंद असताना इंजिन तापूनही तो फिरत नसेल, तर तापमानाच्या सेन्सरमध्ये दोष असण्याची शक्यता असते. दोन्ही वेळी फिरत नसेल, तर आधी फ्यूज, मग रिले आणि शेवटी मोटर या क्रमाने तपासणी करावी. फ्यूज आणि रिले तुलनेने स्वस्त असतात. ते न पाहताच मोटर बदलणे म्हणजे विनाकारण भुर्दंड. पंखा फिरतो, पण मंद फिरतो, असेही घडते. जुन्या मोटरचे हे नेहमीचे लक्षण आहे. अपघातानंतरच्या दुरुस्तीत पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे आवरण बसवायचे राहिले, तरीही हवा रेडिएटरमधून पुरेशी ओढली जात नाही.

धूळ, गळती आणि झाकण

पंखा ठीक असेल, तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये साचलेली धूळ, पाने व किडे पाहावेत. इंजिन थंड असताना पाण्याच्या मंद धारेने जाळी धुवावी. जोरदार प्रेशरने तिच्या नाजूक पट्ट्या वाकतात. रेडिएटरचे झाकण हाही दुर्लक्षित भाग आहे. ते यंत्रणेत दाब टिकवून कूलंटचा उत्कलनबिंदू वाढवते. त्याचे रबर सैल झाले, की कूलंट लवकर उकळते. कूलंट वारंवार कमी होत असेल, तर होज पाइप, पंप व रेडिएटरच्या जोडांवर गळती शोधावी. गळती दिसत नाही, पण कूलंट घटते, ऑइल दुधाळ होते किंवा सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येतो, ही हेड गॅस्केट गेल्याची चिन्हे मानली जातात.

आपल्याकडे दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे कूलंटऐवजी बोअरवेलचे पाणी भरणे. त्यातील क्षारांचे थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतात आणि आतून गंजही चढतो. दुसरी म्हणजे ‘गाडी तापते’ म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकणे. त्यामुळे इंजिनाला योग्य तापमान गाठायला वेळ लागतो, इंधन जास्त जळते आणि मूळ दोष तसाच राहतो.

काटा चढला तर

कोंडीतच काटा चढू लागला, तर प्रथम एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण क्षमतेने चालू करावा. चालकाला घाम फुटेल, पण इंजिनातील थोडी उष्णता बाहेर पडेल. काटा लाल रेषेला टेकला किंवा लाल दिवा लागला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. ‘घर जवळच आहे’ हा विचार येथे सर्वांत महाग पडतो. अतितप्त इंजिनाचे ॲल्युमिनियमचे हेड काही मिनिटांतही वाकू शकते.

रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये. आतील दाबाखालचे उकळते कूलंट उसळून चेहरा व हात गंभीररीत्या भाजू शकतात. किमान अर्धा तास थांबावे, वरचा होज पाइप हाताला गार लागल्यावरच कापड धरून झाकण सावकाश फिरवावे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतणेही टाळावे. त्याने धातूला तडे जाऊ शकतात. पुन्हा तापत असेल, तर गाडी टोइंग करूनच गॅरेजमध्ये न्यावी. टोइंगचा खर्च हेडच्या कामापेक्षा नेहमीच कमी असतो.