पडद्यावरचा महिला तुरुंग आणि भायखळ्याची बराक

महिला तुरुंग हा दूरचित्रवाणी मालिकांचा जुना आणि भरवशाचा विषय आहे. ऑस्ट्रेलियात 'प्रिझनर' ही मालिका १९७९ ते १९८६ या काळात ६९२ भाग चालली; तीच कथा पुढे २०१३ पासून 'वेंटवर्थ' या नावाने नव्याने सांगितली गेली. मराठी प्रेक्षकांना बंद दारांआडच्या स्त्रिया भेटल्या त्या १९८२ च्या 'उंबरठा' चित्रपटात. मात्र तेथे तुरुंग नव्हता, सुधारगृह होते. महाराष्ट्रातील महिला कारागृहाचे दर्शन घडविणारी अलीकडची मालिका म्हणजे २०२३ साली आलेली 'स्कूप'. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना लागणाऱ्या मार्गासनीसारख्या गावातही आता अशी मालिका हातातल्या मोबाइलवर पाहिली जाते. म्हणूनच तिच्यात काय आले आहे आणि काय राहून गेले आहे, हे येथे मांडावे असे आम्हांस वाटते.

'स्कूप' ही हन्सल मेहता यांची सहा भागांची हिंदी मालिका. तिचा आधार म्हणजे पत्रकार जिग्ना व्होरा यांनी भायखळ्याच्या तुरुंगातील दिवसांवर लिहिलेले पुस्तक. ज्येष्ठ पत्रकार जे. डे यांची ११ जून २०११ रोजी पवई येथे गोळ्या घालून हत्या झाली. या प्रकरणात त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्होरा यांना मोक्काखाली अटक झाली. जुलै २०१२ मध्ये त्यांना जामीन मिळाला आणि मे २०१८ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना निर्दोष मुक्त केले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. पडद्यावर त्यांचे नाव जागृती पाठक असे बदलले आहे. करिश्मा तन्ना यांनी ही भूमिका फार संयमाने केली आहे.

अंगझडतीची मानहानी, बराकीतील दाटी, ओळखीच्या जगाने फिरवलेली पाठ, हे सारे मालिकेत प्रामाणिकपणे आले आहे. पण नायिका सुशिक्षित आहे. तिच्यामागे घर आहे, वकील आहे, तिचे नाव वृत्तपत्रांत आहे. एवढे असूनही तिला बाहेर यायला आठ महिने लागले. मग जिचे नाव कोणीच छापत नाही, तिचे काय? तिच्या शेजारी अंथरूण टाकणाऱ्या स्त्रिया मालिकेत बहुधा भीती दाखविण्यापुरत्या येतात. कथेला खलनायिका लागतात, हे आम्ही समजू शकतो. तरीही ही उणीव जाणवते.

ही उणीव काही अंशी एका पुस्तकाने भरून काढली आहे. वकील सुधा भारद्वाज यांना भीमा-कोरेगाव प्रकरणात २०१८ साली अटक झाली आणि पुण्याच्या येरवडा महिला कारागृहात फाशी यार्डात ठेवण्यात आले. खोलीच्या गजांतून दिसणाऱ्या स्त्रियांची त्यांनी लिहिलेली टिपणे २०२३ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत मारामाऱ्यांपेक्षा वाट पाहणे अधिक आहे: मुलाखतीची, वकिलाची, पुढच्या तारखेची. काही स्त्रियांसोबत त्यांची लहान मुलेही असतात, कारण सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ तुरुंगात राहू शकते.

अर्थात खरा तुरुंग मालिकेहून सौम्य असतो, असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. येरवड्यात चांगल्या वर्तणुकीबद्दल ओळखली जाणारी एक शिक्षाधीन स्त्री वॉर्डर म्हणून भायखळ्याला पाठविली गेली आणि जून २०१७ मध्ये मारहाणीनंतर मरण पावली. वाद सुरू झाला होता तो अंडी आणि पाव यांच्या हिशेबावरून. कारागृहातील सहा महिला कर्मचाऱ्यांना अटक झाली.

मालिका पाहून तुरुंगात सगळे गुन्हेगारच असतात, असा समज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. देशातील कैद्यांपैकी चारांतले तीन 'कच्चे' म्हणजे न्यायाधीन आहेत. त्यांचा दोष अजून सिद्ध झालेला नाही. एकूण कैद्यांत स्त्रिया शेकडा चारच्या आसपास. संख्या थोडी, म्हणून त्यांची कारागृहेही थोडी, आणि माहेर-सासर दूर. मार्गासनीहून येरवड्याच्या मुलाखतीला निघालेल्या आईचा मजुरीचा एक दिवस बुडतो. पुढे जामीन मंजूर झाला तरी जामीनदार, त्याचा सातबारा, ऐपतीचा दाखला जुळवता जुळवता आठवडे जातात. ज्या लेकीचे नाव सातबाऱ्यावर कधी लागलेच नाही, तिच्यासाठी उभे कोण राहणार?

या टप्प्यावर कायदा काय देतो, हे मालिका सांगत नाहीत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा किंवा तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये आदेश दिला, की जामीन होऊनही सात दिवसांत सुटका न झाल्यास कारागृह अधीक्षकाने तसे जिल्हा प्राधिकरणाला कळवावे. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तिच्यातून न्यायाधीन कैद्याच्या जामिनासाठी आर्थिक साहाय्य होऊ शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या व्यक्तीने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल, तर न्यायालयाने तिला जातमुचलक्यावर सोडावयाचे आहे. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना, तसेच एकाहून अधिक खटले प्रलंबित असल्यास, ही सवलत नाही. मुदत भरताच न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर आहे. तरीही घरच्यांनी अटकेची तारीख आणि कलमे एका कागदावर लिहून जवळ ठेवावीत, कारण वकील प्रथम हेच विचारतो.