कंपनीतले आरोग्य उपक्रम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वर्षातून एकदा रक्ततपासणी शिबिर, जूनमध्ये योगदिन, मध्येच ताणमुक्तीवर व्याख्यान. अनेक कंपन्यांचा आरोग्य उपक्रम एवढ्यावर आटोपतो. हेतू चांगला असतो, पण त्यामागचे काही समज तपासून पाहायला हवेत.

गैरसमज : उपक्रम सुरू केला की आजारपण आणि रजा घटतात.

वस्तुस्थिती : अमेरिकेतील बीजेज होलसेल क्लब या दुकानसाखळीत १६० ठिकाणच्या सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला. उपक्रम कुठे राबवायचा, हे सोडतीसारख्या पद्धतीने ठरवले होते. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. दीड वर्षानंतर उपक्रमातले लोक आपण व्यायाम जास्त करतो असे सांगत होते. पण रक्तदाब, वजन, उपचारखर्च आणि गैरहजेरीत ठळक फरक नव्हता. इलिनॉय विद्यापीठाच्या अभ्यासात तर भाग घेणारे मुळातच इतरांपेक्षा निरोगी निघाले. ज्यांना गरज होती, ते आलेच नाहीत.

गैरसमज : ताण हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न, ॲप किंवा ध्यानवर्ग पुरे.

वस्तुस्थिती : आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ३५ टक्के जास्त असतो, असा जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२१ मधला अंदाज आहे. सक्तीचा ओव्हरटाइम, दर आठवड्याला बदलणारी शिफ्ट आणि अंगावर ओरडणारा सुपरवायझर यांवर ध्यानवर्गाचा उतारा चालत नाही. वेळापत्रक सुधारा आणि सुपरवायझरला आधी प्रशिक्षण द्या.

गैरसमज : पाणी, बैठक, स्वच्छतागृह या सोयी झाल्या, आरोग्य वेगळे.

वस्तुस्थिती : लाइनवरची बाई शिफ्टभर पाणी टाळते, कारण स्वच्छतागृह लांब असते आणि तिच्या जागी उभा राहायला रिलीव्हर नसतो. मग लघवीचा संसर्ग, डोकेदुखी आणि रजा. तिला आहारतज्ज्ञाचे व्याख्यान काय देणार? उभ्याने काम करणाऱ्यांना बसण्याची सोय हवी, हे १९४८च्या कारखाने कायद्यातच लिहिले होते. दुकानांतल्या विक्रेत्या महिलांनी लढा दिल्यावर केरळने २०१८ मध्ये तो हक्क दुकानांनाही लागू केला.

गैरसमज : तपासणीचे अहवाल एचआरकडे असले की काळजी घेणे सोपे.

वस्तुस्थिती : साखर वाढल्याचे साहेबांना कळले तर नोकरी जाईल, या भीतीने माणसे तपासणीच चुकवतात. कंत्राटी कामगार तर हमखास. अहवाल ज्याचा त्याच्याच हातात द्यावा. व्यवस्थापनाला नावांशिवाय एकत्रित आकडे पुरतात. धोक्याच्या कामासाठी कायद्याने लागणाऱ्या तपासण्यांचा भाग वेगळा.

नवा उपक्रम आखताना जिम किंवा ॲपची कोटेशन्स मागवण्याआधी हजेरीपट, ओव्हरटाइमचे रजिस्टर आणि अपघातांची नोंदवही शेजारी शेजारी उघडा. मग रात्रपाळीच्या आणि कंत्राटी कामगारांना विचारा, त्रास कशाचा होतो. बजेटचा पहिला रुपया तिथे खर्च करा.