'सीक्रेट ऑफ माना' : एक जपानी व्हिडिओ-गेम

घरांतील मुलगा पडद्यासमोर बसून तलवार चालवूं लागला कीं वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात; आणि त्यांचें सर्वस्वी चुकतें असें म्हणतां येत नाहीं, कारण असल्या खेळांपैकीं पुष्कळांत हाणामारीपलीकडे कांहीं नसतें. परंतु सगळ्यांस एकाच मापानें मोजणें न्याय्य होणार नाहीं. जपानांतील स्क्वेअर कंपनीनें निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम यंत्रासाठीं १९९३ च्या ऑगस्टांत 'सेइकेन देन्सेत्सु २' हा खेळ प्रसिद्ध केला. या नांवाचा अर्थ 'पवित्र खड्गाची आख्यायिका' असा आहे. त्याच वर्षीं तो अमेरिकेंत 'सीक्रेट ऑफ माना' म्हणून गेला व जपानबाहेर त्याच नांवानें ओळखला जाऊं लागला. हा 'माना' आपल्या मानापानांतला नव्हे, हें सांगितलेलें बरें! पॅसिफिक महासागरांतील बेटांवरचा हा शब्द असून मनुष्यांत व वस्तूंत वसणारी अदृश्य शक्ति असा त्याचा अर्थ आहे.

कथेचा आरंभ साधा आहे. पोतोस नांवाच्या खेड्यांतील एक पोरका मुलगा धबधब्याखालीं पडतो. तेथें दगडांत रुतलेली एक गंजकी तलवार त्याला दिसते. वाट अडविणारें झुडूप छाटावें एवढ्याच हेतूनें तो ती उपसतो. पण तिच्या योगानें दबून राहिलेले राक्षस मोकळे होतात आणि गांवकरी त्यास गांवाबाहेर घालवितात. आपल्या प्रियकराच्या शोधांत निघालेली एक मुलगी व स्मृति हरपलेला एक यक्षबालक त्याला पुढें भेटतात. या दोघांस मंत्रविद्या साध्य होते. मुलीकडे जखमा बऱ्या करण्याचे मंत्र येतात, यक्षाकडे प्रहाराचे. नायकास मात्र एकहि मंत्र येत नाहीं! खड्गधारी वीरास आपल्या सोबत्यांवर इतकें अवलंबून ठेवणारे खेळ थोडेच.

खेळाची खरी खुबी मात्र तलवार चालविण्याच्या रीतींत आहे. एक वार केला कीं खालचा आंकडा शून्याकडे घसरतो व हळूहळू शंभरावर चढतो. तो भरण्यापूर्वीं पुन्हां वार करावा तर शत्रूस जेमतेम ओरखडा उठतो. बटन धडाधड दाबणाऱ्या उतावळ्या मुलाचें येथें कांहींच चालत नाहीं. वार करावा, मागें सरावें, थांबावें, हीच युद्धनीति. शिवाय जादा जोडणी लावल्यास तिघांस एकाच वेळीं खेळतां येतें. एखादा भाऊ जेवावयास उठला तर त्याचें पात्र यंत्र स्वतःच चालवितें.

हा खेळ प्रथम तबकडीसाठीं योजिला होता. निन्टेन्डो व सोनी मिळून सुपर फॅमिकॉमला तबकडीची जोड देणार होत्या, पण तो बेत फिसकटला. मग आपल्याकडे जिला सर्रास 'कॅसेट' म्हणत, त्या पेटींत सारा खेळ कोंबावा लागला. जागा किती? सोळा मेगाबिट, म्हणजे दोन मेगाबाइट! आजच्या फोनवरचें एकच छायाचित्र बहुधा याहून जड भरेल. साहजिकच बराच मजकूर गळला. टेड वूल्सी यांस इंग्रजी भाषांतरासाठीं जेमतेम महिनाभर मिळाला, त्यामुळें संवादहि आंखूड झाले. मुख्य आज्ञावली इराणांत जन्मलेल्या नासिर गेबेली यांची, दिग्दर्शन कोइचि इशी यांचें व संगीत हिरोकि किकुता यांचें. किकुतांच्या एका युद्धगतींत बालीच्या गॅमेलान वाद्यांचा घोष कानीं पडतो. वेष्टणावरील हिरोओ इसोनो यांचें चित्र तर पाहतच राहावें : अफाट वृक्ष, आणि त्याच्या पायथ्याशीं तीन चिमुकल्या आकृति.

आतां वडील मंडळींच्या आक्षेपाकडे येऊं. शस्त्र हातीं दिल्यानें मूल शस्त्राचेंच भक्त होईल काय? ज्यास शेवट जाणून घेणें नको असेल त्यानें पुढील ओळी सोडाव्या. अखेरीस मानावृक्ष भस्म होतो व तोच आपली माता होता हें मुलास कळतें. आकाशांत मानापशु प्रकटतो. त्यास मारावें तर जगांतील माना लोपते, आणि मानेवर जगणारा यक्षबालकहि नाहींसा होतो. मुलाचा हात अडखळतो. अशा वेळीं यक्षच त्याला वार करावयास सांगतो. पशु पडतो, त्याचें हिम होऊन खालीं येऊं लागतें, आणि विजयाच्या क्षणीं आपल्या सोबत्यांत एक उणा झालेला असतो. मुलगा गांवीं परततो व तलवार पुन्हां धबधब्याखालीं ठेवून देतो. दहाबारा वर्षांच्या मुलांसमोर असा प्रश्न ठेवणारी कृति केवळ हाणामारीची म्हणतां येईल, असें मला वाटत नाहीं.

दोषहि आहेत. यंत्र चालवितें तो सोबती झाडामागें अडकून बसतो व सर्वांची वाट खुंटते. मंत्रांची पातळी वाढविण्यास तेच तेच घोळवावें लागतें, हें कंटाळवाणें होय. २०१८ सालीं निघालेल्या नव्या आवृत्तींत पात्रांस घोटीव आकार व बोलका आवाज मिळाला; पण जुनीं ठिपक्यांचीं चित्रें अधिक बोलतात असा माझा अनुभव आहे. तीं पाहावयाचीं तर २०१९ मध्यें पाश्चात्य देशांत निघालेल्या 'कलेक्शन ऑफ माना' या संग्रहांत मूळ खेळ आहे.