कर्करोगग्रस्त बालकांची भावंडे आणि सेवाभावी संस्थांचे कार्य : एक विवेचन

प्रस्तावना

घरातील एखाद्या बालकास कर्करोग झाल्याचे निदान होते, त्या दिवसापासून त्या घराचा सारा दिनक्रम रुग्णालयाच्या वेळांनुसार ठरू लागतो. बालकांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे रक्ताचा तीव्र लिम्फोब्लास्टिक कर्करोग होय. त्यावरील उपचार साधारणतः दोन ते तीन वर्षे चालतात. या काळात डॉक्टर, नातेवाईक, देणगीदार आणि सेवाभावी संस्था या सर्वांचे लक्ष आजारी मुलाकडे व त्याच्या आईवडिलांकडे असते आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र त्याच घरातील बहीण किंवा भाऊ यांचे नाव कोणत्याही केसपेपरवर नसते. सेवाभावी मदत बहुधा केसपेपरच्या आधारे दिली जात असल्यामुळे ही भावंडे मदतीच्या कक्षेबाहेर राहतात. त्यांच्या गरजा कोणत्या, त्यासंबंधी अन्यत्र कोणते प्रयत्न झाले आणि आपल्याकडील परिस्थितीत काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. भावंडांच्या वाट्याला येणारे प्रश्न

या विषयाकडे संशोधकांचे लक्ष १९७० च्या दशकात वेधले गेले. १९७९ मध्ये नॅन्सी केर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, एकटेपणाची जाणीव, आईवडील आजारी मुलाला नको तितके जपतात ही भावना आणि मनातील राग घरात बोलून दाखविण्याची भीती या बाबतींत भावंडांचा मानसिक त्रास प्रत्यक्ष रुग्ण बालकापेक्षाही अधिक होता. याचा अर्थ प्रत्येक भावंड मानसिक आजाराला बळी पडते असा नव्हे. पुढील अभ्यासांत बहुसंख्य भावंडे कालांतराने सावरतात, काही अधिक समंजस होतात, असेही दिसून आले. तथापि अभ्यासात मागे पडणे, झोप न लागणे, सतत भीती वाटणे ही लक्षणे काही मुलांमध्ये दीर्घकाळ टिकतात.

लहान वयात कार्यकारणभावाची समज अपुरी असते. ‘मी त्याला ढकलले म्हणून तो आजारी पडला’, ‘तो मरावा असे मी रागात म्हटले होते’ असे मूल मनाशी धरून बसते. त्यातच मोठी माणसे दृष्ट, करणी किंवा पूर्वजन्मीचे पाप अशी कारणे कुजबुजत असतील तर अपराधीपणा अधिकच खोल जातो. कर्करोग संसर्गजन्य नाही आणि तो कोणाच्या वागण्याने झालेला नाही, ही दोन वाक्ये या मुलांना कोणीतरी स्पष्टपणे सांगणे आवश्यक असते. प्रत्यक्षात ती क्वचितच सांगितली जातात.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या वेळी हेच दुर्लक्षित भावंड अचानक केंद्रस्थानी येते. सख्ख्या भावंडाचे ऊतक पूर्णतः जुळण्याची शक्यता सुमारे २५ टक्के असते. ज्याचे जुळत नाही त्याला आपण निरुपयोगी ठरल्यासारखे वाटते. ज्याचे जुळते त्याला प्रत्यारोपण अयशस्वी झाल्यास तो स्वतःचाच दोष वाटू शकतो. म्हणूनच २०१० मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या संस्थेने दाता बालकाचे हित पाहण्यासाठी स्वतंत्र व्यक्ती नेमावी, अशी शिफारस केली.

२. परदेशातील सेवाभावी प्रयत्न

अमेरिकेत या क्षेत्रातील बरेचसे काम पालकांच्या व स्वयंसेवकांच्या पुढाकाराने उभे राहिले. १९७४ मध्ये फिलाडेल्फिया येथे पहिले रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाऊस सुरू झाले. रुग्णालयाजवळ संपूर्ण कुटुंबाला राहता यावे, ही त्यामागील कल्पना होती. कॅलिफोर्नियातील कॅम्प ओकिझू या संस्थेने रुग्ण बालकांबरोबर त्यांच्या भावंडांसाठीही स्वतंत्र निवासी शिबिरे भरविली.

‘सुपरसिब्स’ या उपक्रमाची रीत मात्र वेगळी होती. मेलानी गोल्डिश यांनी सुरू केलेला हा उपक्रम २०१४ मध्ये ‘अलेक्सेज लेमोनेड स्टँड फाउंडेशन’ या संस्थेकडे आला. त्यात नोंदणी झालेल्या भावंडाला त्याच्या स्वतःच्या नावे, विनामूल्य, ठरावीक काळाने टपाल पाठविले जाते. त्यात वयाला अनुरूप मजकूर आणि मन मोकळे करण्यास मदत करणारे लहान उपक्रम असतात. घरात येणारे सर्व फोन आणि भेटवस्तू आजारी मुलासाठी असताना एक पाकीट आपल्या नावाचे येते, याचे मोल मुलाला कळते.

२०१५ मध्ये बालकर्करोग उपचारातील मनोसामाजिक सेवांची पंधरा मानके प्रसिद्ध झाली. मुलाच्या निधनानंतर आईवडिलांनी स्थापन केलेल्या ‘मॅटी मिरॅकल’ या संस्थेच्या पुढाकारातून हे कार्य झाले. भावंडे हा मनोसामाजिकदृष्ट्या जोखमीचा गट असून त्यांना योग्य साहाय्य मिळाले पाहिजे, हे त्यांपैकी एक मानक होय.

३. मुंबईतील परिस्थिती

१९४१ मध्ये परळ येथे सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात महाराष्ट्राबरोबरच उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल अशा दूरच्या राज्यांतून बालरुग्ण येतात. त्यांच्या निवाऱ्याची गरज ओळखून सेवाभावी संस्थांनी मोलाचे काम केले आहे. दादरची श्री गाडगे महाराज धर्मशाळा बाहेरगावच्या रुग्णांना आधार देते. २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था उपचार घेणाऱ्या बालकाला व त्याच्या आईवडिलांना विनामूल्य निवास, शिधा आणि समुपदेशन पुरविते. २००४ मध्ये दिल्लीत स्थापन झालेली कॅनकिड्स ही संस्था देशभर बालरुग्णांच्या कुटुंबांसाठी कार्य करते.

तथापि येथील भावंडांचा प्रश्न अमेरिकेतील प्रश्नाहून एका बाबतीत भिन्न आहे. तेथील भावंड बहुधा घरी असते व आईवडील जाऊन येऊन असतात. येथे आईवडील आजारी मुलासह मुंबईत आणि उरलेली मुले आजोळी, काकांकडे किंवा शेजाऱ्यांच्या भरवशावर शेकडो किलोमीटर दूर, अशी कुटुंबाची फाळणी होते. थोरली बहीण असेल तर धाकट्यांचे आणि गुरांचे काम तिच्यावर पडते आणि तिची शाळा सुटते. रेल्वेची प्रवाससवलतही रुग्ण व त्याच्या एका सोबत्यापुरतीच मर्यादित आहे. त्यामुळे रुग्णालयात किंवा निवासात भरविलेली शिबिरे कितीही चांगली असली तरी गावाकडील भावंडापर्यंत ती पोहोचत नाहीत. मदत भावंडाच्या ठिकाणी गेली पाहिजे आणि त्या दृष्टीने शिबिरापेक्षा टपालाची रीत आपल्याला अधिक जवळची आहे.

४. काही सूचना

(अ) संस्थेच्या नोंदणी अर्जात भावंडांची नावे, वय, इयत्ता आणि सध्या ती कोणाजवळ आहेत, हे रकाने असावेत. नोंद झाल्याखेरीज नियोजन होत नाही.

(आ) पहिल्या समुपदेशनातच पालकांना घरच्या मुलांशी काय बोलावे हे सांगावे. आजाराचे नाव, केस गळण्याचे कारण आणि परत येण्याचा अंदाज याविषयी खोटे बोलू नये. आठवड्यातून ठरलेल्या वेळी एक फोन केवळ त्या मुलांसाठी असावा.

(इ) देशात दीड लाखांहून अधिक टपाल कार्यालये असून बहुतांश ग्रामीण भागात आहेत. मराठी, हिंदी, बंगाली अशा भाषांतून भावंडाच्या नावे पत्र पाठविणे अल्प खर्चात शक्य आहे. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी हे काम करू शकतील.

(ई) २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलाला शाळा बदलण्याचा, तसेच शिक्षण खंडित झाल्यास वयानुरूप वर्गात प्रवेशाचा हक्क आहे. दाखला मिळण्यास विलंब झाला, या कारणास्तव प्रवेश नाकारता येत नाही. आजोळी पाठविलेल्या मुलांसाठी ही तरतूद महत्त्वाची असून कार्यकर्त्यांनी ती पालकांना सांगावी. वर्गशिक्षकांनाही एक पत्र द्यावे.

(उ) सुट्टीत भावंडांना एकदा तरी मुंबईस आणण्याचा प्रवासखर्च देणगीदारांकडून मिळवावा.

(ऊ) बालक दगावल्यास केसपेपर बंद होतो व बहुधा संस्थेचा संपर्कही संपतो. घरी राहिलेल्या मुलाचे दुःख मात्र तेथूनच सुरू होते. त्यानंतर किमान एक वर्ष पत्रव्यवहार चालू ठेवावा.

समारोप

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते संपन्न देशांत ८० टक्क्यांहून अधिक बालरुग्ण बरे होतात आणि २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्के बालके वाचावीत, असे उद्दिष्ट तिने २०१८ मध्ये ठेवले. आपल्याकडेही बरे होऊन घरी परतणाऱ्या बालकांची संख्या वाढावी यासाठी सर्वांचे प्रयत्न आहेत. ते बालक ज्या घरी परतेल तेथे त्याची बहीण शाळेत जात असावी आणि आपल्यालाही कोणी विचारले होते, हे तिच्या स्मरणात असावे. यासाठी लागणारा खर्च उपचाराच्या मानाने फार थोडा आहे. सेवाभावी संस्थांनी आपल्या अर्जात एक रकाना वाढवून या कार्याचा आरंभ करावा, असे सुचवावेसे वाटते.