मुका स्पीकर, बोलका जॅक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबले. घराघरांतल्या कितीतरी जुन्या लॅपटॉपांवर विंडोज ११ चढत नाही आणि नवा लॅपटॉप घेणं सगळ्यांना झेपत नाही. अशी यंत्रं लिनक्सवर अजून काही वर्षं सुखानं चालतात. नागपुरात सक्करदऱ्याला राहणाऱ्या माझ्या भाचीच्या लॅपटॉपवर आम्ही लिनक्स मिंट २२ टाकलं. वायफाय, कीबोर्ड, कॅमेरा सगळं सुरळीत होतं. मग तिचा फोन आला, “मामा, व्हिडिओ सुरू आहे, पण आवाज येऊन नाही राहिला.”

अशा वेळी सगळे सांगतात, पुन्हा इन्स्टॉल करून पाहा. त्यानं दिवस जातो आणि बिघाड कुठे होता ते कळतच नाही. आवाजाला स्पीकरपर्यंत पोचायला बरेच टप्पे आहेत. व्हिडिओ प्लेअर आवाज पाइपवायर या ध्वनिसेवेकडे देतो, पाइपवायर तो अल्साकडे देतो. अल्सा म्हणजे यारोस्लाव किसेला यांनी १९९८मध्ये सुरू केलेली, आज लिनक्सच्या गाभ्यातच असलेली ध्वनियंत्रणा. तिथून आकड्यांतला आवाज विद्युत-लहरींत बदलणारी कोडेक चिप, मग अँप्लिफायर आणि शेवटी स्पीकर. लिनक्सचा मोठा गुण हा की यातला जवळजवळ प्रत्येक टप्पा उघडून पाहता येतो.

आधी ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ उघडलं. व्हिडिओ लावताच त्यातली पट्टी हलू लागली, म्हणजे प्लेअर आणि पाइपवायर दोघंही आपलं काम करत होते. इथे ‘डमी आउटपुट’ दिसलं असतं, तर साउंड कार्डच ओळखलं गेलेलं नाही असा अर्थ झाला असता. अलीकडच्या अनेक इंटेल लॅपटॉपांवर ‘साउंड ओपन फर्मवेअर’ची फाइल नसली की असं होतं. काही वेळा आवाज एचडीएमआयकडे वळलेला असतो. इथे त्यातलं काहीच नव्हतं. पण आउटपुटच्या पानावर ‘हेडफोन्स, प्लग्ड इन’ असं लिहिलेलं होतं आणि जॅक तर रिकामा होता!

इअरफोन लावून पाहिला. त्यात आवाज स्वच्छ आला. म्हणजे कोडेकपर्यंतची वाट मोकळी होती.

लॅपटॉपच्या जॅकमध्ये पिन आत गेली की एक बारीक संपर्क बदलतो. कोडेक ती खबर ड्रायव्हरला देतो आणि ड्रायव्हर स्पीकर बंद करतो. हा संपर्क धुळीनं किंवा ओलीनं अडकला, तर यंत्राला हेडफोन सदैव लावलेलाच वाटतो. नागपुरात उन्हाळाभर घराघरांत कूलर चालतो. लॅपटॉप त्याच्याच झोतात ठेवलेला असला तर धूळ आणि दमट हवा दोन्ही जॅकमध्ये शिरतात.

शंका खरी की खोटी, ते तपासणं सोपं होतं. टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ चालवलं आणि एफ-सिक्स दाबून साउंड कार्ड निवडलं. स्पीकरच्या खांबाखाली ‘एमएम’ ही म्यूटची खूण होती. ‘ऑटो-म्यूट’ बंद केलं, एम दाबून स्पीकर उघडला, खांब वर नेला. मग ‘स्पीकर-टेस्ट’ ही आज्ञा दिली आणि डाव्या-उजव्या बाजूची नावं सांगणारा आवाज खणखणीत ऐकू आला. म्हणजे अँप्लिफायर आणि स्पीकर धडधाकट होते; दोष जॅकचाच होता.

लॅपटॉप बंद करून जॅकमध्ये हवा मारली, कोरड्या बारीक ब्रशनं साफ केलं, पिन काही वेळा आत-बाहेर केली. पुन्हा सुरू केल्यावर ‘प्लग्ड इन’ हे शब्द गेले होते. ऑटो-म्यूट परत चालू केलं, तरी स्पीकर वाजत राहिला.

प्रत्येक लॅपटॉपची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. काही यंत्रांचा बायोस कोणती पिन कशाला जोडली आहे हे चुकीचं सांगतो. काहींच्या अँप्लिफायरला वेगळं फर्मवेअर लागतं. अशा मॉडेलांसाठी लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये दुरुस्त्यांची लांबलचक यादी आहे. कुणीतरी आपला मुका लॅपटॉप नीट तपासून माहिती कळवली, म्हणून त्यातल्या कितीतरी नोंदी झाल्या. म्हणून तपासताना मॉडेल, कोडेकचं नाव आणि काय केल्यावर काय झालं ते लिहून ठेवावं. ‘अल्सा-इन्फो’ ही स्क्रिप्ट लागणारी बहुतेक माहिती एकत्र काढून देते. आपल्या यंत्राला नवी दुरुस्ती लागत असेल, तर ती माहिती अल्साच्या मंडळींना जरूर पाठवावी. स्वीकारलेली दुरुस्ती पुढच्या अपडेटबरोबर त्या मॉडेलच्या प्रत्येक माणसाला फुकट मिळते.